भोंग्यासाठी अकरा मात्रा

माझं काम कागदांचं.
तालमीच्या अर्धा तास आधी येतो,
बावीस स्टँडांवर बावीस जणांची पानं मांडतो
आणि वाजायला लागलं की बाहेर जाऊन कॉफी पितो.
संगीताशी माझा संबंध वजनापुरता.

मार्युत कांतोकोस्कीचं नवं काम
सव्वादोन किलो भरलं.
केमीच्या बंद पडलेल्या कागद कारखान्यावर आहे म्हणे.
मी विचारलं, कागद कुठला वापरलास?
ती हसली नाही.
"पोर्तुगालचा. आपला आता मिळतो कुठे?"

तिचे वडील तिथे बॉयलरवर होते.
भोंगा सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला.
त्यावर गावाची घड्याळं लागायची,
अंडी उकडायची, भांडणं मिटायची.
त्याचा सूर ती तीन वर्षं शोधत होती.
पांढरी पाचच्या जरा खाली, काळी तीनच्या वर,
कुठल्याच पेटीला नसते अशा फटीत कुठेतरी.
ध्वनिमुद्रण कोणाकडेच निघालं नाही.
दिवसातून तीनदा कानावर आदळणारी गोष्ट
जपून ठेवायचं कोणाच्या मनात येणार?

अनुदानाच्या अर्जात यातलं काही बसेना.
तिथे रकाना होता:
प्रकल्पाचे समाजास होणारे लाभ, दीडशे शब्दांत.
दोनदा नकार आला.
तिसऱ्यांदा तिने "स्मृती" आणि "सागरकिनारा" हे शब्द घातले,
पैसे आले. चौदा महिन्यांचे,
म्हणजे भाडं धरून अकरा.
मंगळवारी-शुक्रवारी ती शाळेत अकॉर्डियन शिकवतेच,
हीटरवर मुलांचे मोजे वाळत असतात तिथे.

शेवटी तिने भोंगा काढूनच टाकला.
जिथे तो व्हायला हवा तिथे
बावीसही जणांना अकरा मात्रा रिकाम्या,
त्याही संथ.

जानेवारीतला पहिला प्रयोग. उणे सत्तावीस.
म्हणून त्या रात्री मी कॉफीला गेलो नाही, आतच उभा राहिलो.
श्रोते त्र्याऐंशी, कोट सांभाळणाऱ्या दोघी धरून.
तेराव्या मिनिटाला सगळे गज थांबले.
कोणी खोकलं. छपराला कुठेतरी बर्फ सरकल्यासारखं झालं.
आणि पाचव्या रांगेतला रेइनो हाउतामाकी उठला,
एकतीस वर्षं पल्प विभागात काढलेला माणूस.
टोपी घातली, कोटाचं वरचं बटण लावलं,
आणि दुसऱ्या पाळीचे लोक अजून कसे आले नाहीत
अशा नजरेने दाराकडे बघत राहिला.
बायकोने बाही ओढली. तो बसला.
बसल्यावर टोपी काढायची राहिली.

वर्तमानपत्रात आलं: मध्यंतरी संचालकाचा ठेका हरवला असावा.
ते कात्रण मार्युतच्या फ्रिजवर आहे,
दूधवाल्याच्या बिलाखाली.

मग ग्राझहून पत्र आलं. रेडिओवर लावायचंय,
पण अकराच्या चार करता येतील का?
शांतता फार लांबली तर तिथलं यंत्र समजतं
काहीतरी बिघडलंय, आणि आपोआप वीणावादन सुरू करतं.
तिने एका ओळीत उत्तर पाठवलं:
"करू दे सुरू."
त्यांनी लावलंच नाही.

प्रयोग झाला की पानांवरचं पेन्सिलीचं लिखाण
मला खोडावं लागतं. नियम आहे.
वादक काय काय लिहितात!
चष्मा. श्वास. ओस्मोकडे बघ.
दूध, बटाटे.
त्या अकरा मात्रांवर पहिल्या व्हायोलावालीने
अगदी बारीक लिहिलं होतं: वर बघायचं नाही, रडू येतं.
खोडरबर हातात होता. मी फोन केला.
मार्युत सायकलवर आली, बर्फातून,
उभ्यानेच वाचलं, काही बोलली नाही.

नवीन छपाई परवा आली.
पान अठ्ठावीस, सगळ्यांच्या प्रतींत, शाईने:
येथे कोणीही वर बघू नये.
कारण दिलेलं नाही.

बाकी तिचं ठीक चाललंय.
मुलांसाठी अकॉर्डियनचे सहा छोटे तुकडे लिहितेय,
पैकी चार झाले.
आज सकाळी तिची चिठ्ठी होती:
दोनशे बाराव्या मापात दुसऱ्या चेलोला
कोमलची खूण राहिली आहे, माझी चूक,
बावीसमधल्या दोनच प्रती आहेत, हाताने घालशील का?
घालतो.