मानशीपर्यंतची तार

पंचायतीच्या कपाटापासून मानशीपर्यंत
तीनशे ऐंशी मीटर.
टेपने मोजले, मग मी चालून मोजले,
मग फोंडूने, जो मानस उघडतो आणि मिटतो,
त्याच्या हिशेबाने मोजले:
एक विडी.

मागणी साधी होती.
भरतीचं पाणी फळ्यांवर किती चढलं
ते एका डोळ्याने बघायचं
आणि चोडणच्या कचेरीत कुणीतरी वाचायचं.
डोळ्याला वीज हवी. डोळ्याला वाचाही हवी.
दोन भुका, आणि मधे सगळं खाजन.

मी आठ रंगांची बाई.
पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी;
झोपेतून उठवा, बोटं याच क्रमाने चालतील.
या तारेतून बोलणं जातं आणि जेवणही.
शिवाय ती वाढण्याआधी विचारते,
पलीकडच्या पानाला झेपेल का?
होकार आला तरच वाढते.
अशी माणसं मला कमी भेटली.
पण शंभर मीटर.
त्यापुढे तिचा दम तुटतो,
आणि शंभर मीटरवर आमच्याकडे
एक वाकडा माड आहे, बाकी काही नाही.

मग काच घाला, म्हणाला ठेकेदार.
काच केसाएवढी, कोसन् कोस जाते,
वीज कडाडली तरी तिला पत्ता नसतो.
खरं आहे. पण काच रिकाम्या हाताने येते.
निरोप आणते, शिदोरी आणत नाही.
मानशीवरच्या खांबाची वीज वापरू म्हणावं,
तर वारा उठला की पहिली तीच जाते
आणि पाणी चढतं ते नेमकं तेव्हा.

त्याच खांबाच्या तारेत अक्षरं मिसळूनही पाहिली.
दोन दिवस ठीक.
तिसऱ्या दिवशी कोळंबीवाल्याने पंप लावला
आणि एक मीटर वीसचं
नऊशे मीटर झालं. कचेरीत धावपळ.

तेव्हा सायकल टेकवून इनास म्हणाला,
बाय, भाटकाराच्या बंगल्याला एक जोडी जायची,
मानशीच्या बांधातून.
मीच पुरली. चौऱ्याऐंशी साल.
टेलिफोनची नोकरी संपून त्याला चौदा वर्षं झाली,
कमरेची पक्कड अजून कमरेला.
गाव काळोखात असायचं, तो सांगत होता,
आणि फोन वाजायचा.
एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून अठ्ठेचाळीस व्होल्ट
घरोघर चालत जायचे, कंदील न घेता.
घंटी वाजताना नव्वद.
एकदा खांबावर दातांनी तार सोलत होतो,
त्याच क्षणाला लिस्बनहून भाटकाराला फोन.
नातू झाला,
हे घरात कळायच्या आधी माझ्या दाढेला कळलं.

खणलं. दीड हात चिखल, खेकडे,
मग काळं कवच, आत हिरवं पडलेलं तांबं.
दोन टोकांना दोन डबे बसवले.
जोडी एकच, रंग उडालेले,
माझा आठांचा मंत्र इथे काही कामाचा नव्हता.
कचेरीकडून सोडले अठ्ठेचाळीस.
माझी आठ रंगांची तारही तेवढेच वाहते,
हे मी त्याला सांगितलं,
त्याला त्यात नवल वाटलं नाही.

मानशीकडे मीटरवर एक्केचाळीस.
सात कुठे गेले?
खाजन खातं, म्हणाला इनास. वाटेचा कर.
माझ्या मीटरवर त्याचा विश्वास बसेना.
बोट थुंकीने ओलं केलं,
दोन्ही टोकांना टेकवलं, डोळे मिटले.
आहे, म्हणाला.

त्या रात्री बेटावरची वीज गेली,
धक्क्यावरचा दिवासुद्धा.
कचेरीत बॅटरीवर आकडा सरकत होता,
एक बासष्ट, एक त्रेसष्ट.
मी फोंडूला फोन लावला, पाणी चढतंय.
तो म्हणाला, ठाऊक आहे,
मी इथेच उभा आहे,
तुमचा तो डोळा माझ्याकडेच बघतोय.
त्याला सांगा जरा बाजूला हो,
विडी पेटवायची आहे.