रीळ परत पाठवावे

हजिऱ्याच्या शनिवार बाजारात रईस भंगारवाल्याकडून
साडेतीनशेला घेतला हा कॅमेरा.
भात्याला एकही भोक नाही,
आणि आत रिकामं, लोखंडी, एकच रीळ.
दुसरं मागितलं तर रईस हसला,
"अंकल, वो तो कंपनी के साथ चला गया."
ते मिळालं दोन महिन्यांनी, शिंदे की छावणीत,
बंद स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये. त्यावर सुतळी गुंडाळलेली.

फिल्म मिळते. एकशेवीसची, दिल्लीहून कुरियरने.
रुंदी तीच, पाठचा कागद तोच, आकडेसुद्धा तेच,
फक्त तिच्या रिळाची कड नखभर मोठी.
खाचेत बसत नाही.
(पुण्याची मामेबहीण म्हणते, तुम्हा लश्करवाल्यांची मराठी
कुठेतरी अडते. अडत असेल.)

म्हणून रात्री न्हाणीघरात.
फटीत टॉवेल, झरोक्याला रजई.
बाहेर कुमुद, चहा घेऊन, हाक न मारता.
डोळे मिटूनच घेतो,
उघडे ठेवले तर उगाच शोधत बसतात.

सतरा वर्षं बिर्लानगरच्या गिरणीत, वाइंडिंगला.
ताण किती द्यायचा ते बोटांना माहीत आहे.
एकदा उलटं गुंडाळायचं, मग सुलटं,
आणि अगदी शेवटी,
फिल्म जिथे कागदाला चिकटवलेली असते
तिथे फुगा येतो. दरवेळी.
जवभर फरक, पण येतोच.
पट्टी हळू सोडवायची, फुगा अंगठ्याने पुढे सारायचा,
पुन्हा चिकटवायची.
गिरणीचा हिशेब चुकला तेव्हा
इतकं थांबून कुणी बसलं नाही.

लाल खिडकीत ठिपके, ठिपके, मग एक.
पहिला फोटो कुमुदचा, कप तसाच हातात.
दुसऱ्यात नुसतं जानेवारीचं धुकं असणार.
तिसऱ्याला, गिरणीच्या फाटकाशी, वॉचमनने हटकलं,
"इधर फोटो लेने लायक क्या है?"
मला उत्तर सुचलं नाही. खटका दाबला.
बाकीचे पाच कशाचे काढले, खरंच आठवत नाही.

आता पाकिटावर इंदूरच्या लॅबचा पत्ता, आत चिठ्ठी:
रोल धुवावा.
रीळ लोखंडी आहे, कृपया फेकू नये,
माझ्याकडे अशी दोनच.
फोटो आले नाहीत तर तसं कळवावं, राग नाही.
रीळ परत पाठवावे.
तिकिटं सोबत जोडली आहेत.