विषय क्रमांक सात

जुवारीच्या काठच्या आमच्या कूळ संघाचा मी चिटणीस.
काम एवढंच :
बैठकीत बोललं जातं ते लिहायचं,
ओरडलं जातं ते वगळायचं.

विषय क्रमांक एक : मानशीचा लिलाव.
(गावात पावणी म्हणतात, वहीत लिलाव.)
हा नेहमीच एक असतो.
माझ्याआधी काका लिहायचे, त्यांच्याही वहीत एक.
त्याआधीची वही वाळवीने खाल्ली,
पण तिनंही सुरुवात पहिल्या पानापासूनच केली असणार.

सहा लाख दहा. सहा लाख चाळीस.
देवळाच्या मंडपात पंखा कुरकुरत होता.
सात लाख पाच हजारांवर दुर्गादास एकटा उरला,
त्यानं कपाळ पुसलं,
चहा सगळ्यांना त्याच्याकडून.
आता वर्षभर मानशीच्या तोंडाशी त्याचं जाळं :
शेवटे, काळुंद्रां, नशीब असेल तर चोणक.

दुर्गादास वाईट माणूस नाही.
थोरली बेळगावात नर्सिंगला,
बोलीतला निम्मा पैसा व्याजाचा.
सात लाख वसूल करायचे
तर दार भरतीलाही थोडं उघडं राहतं,
आडवी काठी घातली की झालं.
पाण्याबरोबर मासा आत येतो.
माशाबरोबर पाणी आत येतं.
ही वाक्यं दोन की एक,
कुठल्या रकान्यात घालू?

दोन : जमाखर्च.
तीन : ऑडिटरची फी.
चार : मंडपाचे पत्रे.
पाच : ठेवीची मुदत.
सहा : नवा शिक्का, कारण जुन्यातला 'कूळ'मधला ळ झिजलाय.
सात : ऐनवेळचे विषय.

सातपर्यंत उरलो नऊजण.
भागी गावडे उठली,
पदराची गाठ सोडून मूठभर माती
माझ्या वहीच्या कडेला ओतली.
"चाखून पळय."
चिटणिसानं माती चाखावी की नाही
याबद्दल घटनेत काही नाही.
चाखली.

नऊ गुंठ्यांत तिचं कोरगूट व्हायचं,
खाऱ्याला न जुमानणारं भात.
यंदा तेही पिवळं पडून बसलं.

अध्यक्ष म्हणाले, बांध बांधायला पैसे लागतात,
पैसे लिलावातून येतात,
म्हणून लिलाव आधी.
खरं आहे. जमाखर्च मीच लिहितो :
गेल्या वर्षी चिखल रचणाऱ्यांची मजुरी यातूनच गेली.
भागी म्हणाली, "बांध फुटल्यार लिलांव कसलो करतले?"
तेही खरं आहे.
दोन्ही खरी वाक्यं मी एकाखाली एक लिहिली.
एकाखाली एक लिहिलं की
एक वर जातंच.
शेजारी-शेजारी लिहायला
या वहीत जागा नाही.

रात्री बांधावर गेलो. उधाणाचं पाणी चढत होतं.
ही मानस कुणी बसवली, माहीत नाही.
पाणी चढू लागलं की पाणीच दार लोटतं,
ओसरू लागलं की पाणीच उघडतं.
पगार नाही, कुलूप नाही,
कुणाला अगोदर विचारणं नाही.
फक्त आज मधे ती काठी,
माझ्या मनगटाएवढी,
आणि तिच्या खालून खळखळ आत जाणारा काळोख.

मी काठी काढली नाही.
वर्षभर ती दुर्गादासची आहे,
मीच तसं लिहून सही घेतलीय.
पण बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभा होतो,
दार माझ्या हाताखाली
मिटायला धडपडत होतं.

घरी येऊन पुढल्या बैठकीची सूचना काढायला बसलो.
विषय क्रमांक एक, असं लिहिलं
आणि पुढची ओळ तशीच राहिली.
बायकोनं हाक मारली, पान वाढलंय.
शेवट्याचं हुमण होतं, मानशीवरचंच,
दुर्गादासनं संध्याकाळी पाठवलेलं.
म्हटलं, मीठ जास्त झालंय गं.
ती चमच्यानं चाखून म्हणाली,
अरे देवा,
मीठ घालायचंच राहिलंय.