तीस सेकंद, गुणिले दोन

हेक्समच्या बाहेर, टाइन नदीच्या वळणावर
नऊ म्हाताऱ्या बायकांचा एक मठ आहे.
गेट्सहेडच्या वॉर्डातून नाइट संपवून
मी थेट तिथं पोचले, बुधवारी,
गणवेश पिशवीत कोंबलेला, पायांत तेच बूट.

"आठ दिवस करायचं काय?" मी विचारलं.
सिस्टर विनिफ्रेड म्हणाल्या, "आधी झोप."
"आणि मग?"
"उठलीस की बघू."

तीन दिवस झोपले.
प्रार्थनेची घंटा झोपेतच ऐकली,
शेजारच्या गावच्या लग्नाचा बँड
ऐकू यावा तशी.
चौथ्या दिवशी ओशाळून खाली आले
तर त्या कांदे सोलत होत्या.
म्हणाल्या, "तो जागा होता की.
दोघांनी कशाला जागायचं?"

आमच्या राहुरीच्या घरात
देवाला असं मोकळं सोडत नसत.
अण्णा प्रार्थनेला बसले की नावनिशीवार मागत:
शांतवनची नोकरी, मार्थामावशीचा गुडघा,
मंडळीतली भांडणं, विहिरीवरची मोटर,
पंतप्रधानांना सुबुद्धी.
आम्ही सगळी डोळे मिटून,
आमटी गार होत असायची.
आमेन म्हणजे जेवण,
असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं.

इथं कुणी काही मागत नाही.
दगडी खोलीत नऊ जणी बसतात, मी दहावी.
मागणं संपल्यावर तोंडाचं काय करायचं
हे मला शिकवलंच नव्हतं कुणी.
पहिला अर्धा तास मी वॉर्डातच होते,
बेड चारचं सलाइन, बेड सातची मुलगी
फोन करते म्हणाली होती.
मग समोरच्या सिस्टर अगाथांचा श्वास मोजला,
मिनिटाला बावीस. जरा जास्तच.
उजवा घोटा सुजलाय. सांगावं का?
मौन आहे.
रेडिएटर खोकला.
मग कुणीच नाही.
मग मी.
हिच्याशी काय बोलायचं असतं?

सहाव्या दिवशी बसल्या बसल्या
बोटं मनगटावर गेली. माझ्याच.
या बोटांनी किती मनगटं धरली,
चाललेल्यांची, चिडलेल्यांची,
एकदा एका चोराचं, बेडीच्या वर जेमतेम जागा होती.
तीस सेकंद, गुणिले दोन,
लिहायचं, पुढचा पडदा सरकवायचा.
हे एकच राहिलं होतं, बावीस वर्षं.

घड्याळ वर खोलीत होतं.
मोजत गेले, तेरावर अडखळले,
पुन्हा पहिल्यापासून. आणि मध्येच कधीतरी
आकडे मराठीत आले,
सतरा, अठरा, एकोणीस,
वॉर्डात मी इंग्रजीत मोजते.
एकवीसनंतर आकडेही सुटले.
ठोका चालूच.
अण्णांच्या कुठल्याच यादीत
नव्हता तो.

रडले, असं लिहिणार नाही.
खोली थंड होती, नाक वाहत होतं.

संध्याकाळी सिस्टर विनिफ्रेडनी बटाट्यांची बादली
माझ्याकडे सरकवली. "सापडलं काही?"
"नाही. मीच होते."
"हं," म्हणाल्या, आणि साल काढत राहिल्या,
एका लांब पट्टीत, न तुटता.
मग मला राहवेना. "सिस्टर अगाथांचा घोटा
डॉक्टरला दाखवा."
"दाखवलाय. एक्याण्णव वर्षांचा आहे,
डॉक्टर म्हणाला."

शनिवारी पुन्हा नाइट.
बेड चारवर आता मिस्टर चार्लटन,
झोप येत नाही म्हणून माझी वाट बघत बसलेले.
मनगट धरलं.
बाहेर पुलावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.
"किती आली?" त्यांनी विचारलं.

विसरले होते मोजायला.
"थांबा," म्हटलं, "अजून धरलीय."