धोक्याची पातळी

आमच्या सांगलीत पाणी फुटांत मोजतात.
आयर्विनला चाळीस झाले की इशारा,
पंचेचाळीसला धोका.
शाळेत न गेलेल्या पोरालाही हे पाठ.

माझी पातळी इंचांत.
दोनपर्यंत मी जाते, पुढची चाकं उचलून.
चारला इशारा.
सहा झाले की मी रस्त्यावरच.

ती कुठल्या फळ्यावर लिहीत नाहीत,
भोंगा वाजत नाही.
मग मीच मांडून ठेवते,
हळदीच्या पेढीवरच्या रद्द खतावणीत, मागच्या पानांवर:

पोस्ट. साडेपाच. कडेची फरशी फुटलीय, तिथून साडेचार.
बँक. तीन पायऱ्या. साहेब स्वतः खाली येऊन सही नेतात,
भला माणूस,
फक्त माझी शिल्लक पानपट्टीपुढं मोठ्यानं वाचली.
नाट्यगृह. अकरा.
हाडांचे डॉक्टर. एकोणीस.
दाखल्याची खोली. पहिला मजला.
चालता येत नाही, असा दाखला
जिना चढून घ्यायचा.

त्या ऑगस्टात पाणी पन्नासच्या वर गेलं.
गावभागातला आमचा अख्खा बोळ मगदुमांच्या गच्चीवर.
मला जिनगोंडाकाकांनी पाठीवरून नेलं,
खुर्ची खालीच राहिली.
दुसऱ्या दिवशी सगळे माझी भाषा बोलायला लागले:
खाली किती आहे?
पाय टेकतील का?
होडी दारापर्यंत येईल का, की आपणच जायचं?
कोण उचलेल?

मगदूमकाकूंनी दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.
का, ते मी विचारलं नाही.
लग्नकार्याला जायचं असलं
की मीही आदल्या रात्रीपासून घेत नाही.

होडीत आधी म्हाताऱ्या, मग पोरं, मग मी,
मग तालमीतला सर्जेराव, नव्वद किलोचा.
दोघांनी काखेत धरून त्याला उतरवला
तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.
मला त्याला सांगायचं होतं, होतं असं,
पहिल्यांदा फार लागतं.
सांगितलं नाही.
त्या दिवशी मला कोणी बिचारी म्हणालं नाही,
तेवढा वेळ कोणाकडं नव्हता.

पाणी ओसरलं.
खुर्ची बोळाच्या तोंडाशी सापडली, गाळानं भरलेली,
एका चाकात कोणाच्या तरी देवघराचा पडदा.
भिंतींवर लाल रंगानं रेघा मारल्या, खाली तारीख.
आणि मग ज्याला जमलं त्यानं
घराचं जोतं उचललं.
तीन पायऱ्यांच्या पाच झाल्या.
पेढीनंही उंबरा वाढवला,
मालक म्हणाले, पुन्हा हळद भिजायला नको.
बरोबरच आहे.
नदी येते दहा-बारा वर्षांनी.
मी रोज येते, सकाळी दहाला.

मगदुमांकडं आता मी खालूनच हाक मारते.
काकू पदराला हात पुसत येतात,
आमचा चहा बोळात होतो,
मोटारसायकली जाताना मी खुर्ची भिंतीला घेते
आणि लाल रेघ माझ्या डोक्यावर वीतभर येते.
काका वरून म्हणतात, अगं, सांगायचं की, उचलून आणतो.
त्यांची पाठ त्या ऑगस्टापासून दुखते.
मलाही उचलून यायचं नसतं,
भांडण करून तावातावानं निघून जाता येईल
असं यायचं असतं.

काल काकू चहा न घेताच खाली आल्या.
हातात शिलाईची टेप.
बरोबर इरफान नालबंद, ज्यानं त्या पाच पायऱ्या बांधल्या.
त्याला मी हिशेब सांगितला, खतावणीतला:
एका फुटाला बारा फूट.
जोतं तीन फुटांचं.
त्यानं बोटांवर मोजलं, मान हलवली.
छत्तीस लागतात ताई,
आणि तुमचा बोळ नऊ फुटांचा.

मी म्हटलं, माहीत आहे.
खरंच माहीत होतं, म्हणून तर कधी बोलले नव्हते.

काकूंनी तुळशीची कुंडी पायानं जरा सरकवली.
मग आपण वळवून घेऊ, म्हणाल्या,
आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन
नळाकडं चालत गेल्या.