शेरा

नोंदवहीत पाच रकाने आहेत:
नाव, खोली, ताप किती, रक्त घेतलं का,
आणि शेवटचा शेरा, जो कुणी वाचत नाही.
म्हणून गोष्ट मी तिथंच लिहायला घेतली,
शिवडीत, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी,
पाण्याच्या पिंपात टॉर्च मारून झाल्यावर
हात सुकेपर्यंत.

कल्पना एवढीच होती:
ताप उतरतो, पण काहीतरी मागं ठेवून जातो.
भाडेकरू जातो आणि भिंतीत खिळा राहतो, तसा.

पहिली इंदुमती घाडी. खोली सतरा. एकशे चार.
बरी झाली आणि गॅसच्या सिलिंडरवर हात ठेवून
सांगायला लागली, अजून नऊ दिवस.
नऊच निघाले.
चाळीतल्या बायका बोलवायच्या, चहा पाजायच्या,
तिलाही मजा वाटायची.
मग एकदा हळदीकुंकवाला
तिचं बोट समोरच्या काकूंच्या कपाळाला टेकलं
आणि आकडा आला.

इथं मी पेन थांबवलं.
गंमत संपली होती. गोष्ट आत्ता सुरू होत होती.

रझिया परकारला गिळलेली वाक्यं ऐकू येतात,
ओठांपर्यंत येऊन परत फिरलेली.
रेशनच्या रांगेत ती कानात कापूस घालून उभी राहते.
कापूस आवाजाला अडवतो, ह्याला नाही.
सासरा जाताना काहीच बोलला नाही, असं घरात सगळे म्हणतात.
ती तेवढी गप्प असते.

फिलू घोन्साल्विसचं अजून ठरत नाही.
आधी त्याला भविष्य दिलं होतं, खोडलं.
भविष्य फार स्वस्त, फुटपाथवर पोपट काढून देतो.
मग दिलं असं: वस्तू हातात घेतली
की तिच्या आधीच्या मालकाची भूक त्याला लागते.
भंगाराचं दुकान आहे बिचाऱ्याचं.
दिवसातून सहादा जेवतो आणि वाळत चाललाय.

कल्पना ऐकून ऑफिसातला कांबळी म्हणाला,
तिघांना एकत्र आण, एक खलनायक घाल,
एखादी औषध कंपनी वगैरे.
करून पाहिलं. गच्चीवर बसवलं तिघांना.
इंदुमती हात पदरात गुंडाळून,
रझिया सगळ्यांचं ऐकत,
फिलू भुकेला.
कुणी बोललंच नाही.
पहाटे बंदरावर भोंगा झाला, तिघं आपापल्या खोल्यांत गेले.
खलनायक जिन्यात ताटकळला होता, तोही गेला.

साहेबांनी एकदा वही उघडली.
"खोली सतरा, 'नऊ दिवस' म्हणजे काय? गोळ्यांचा कोर्स?"
हो म्हणालो.

वैजयंतीचं नाव ह्या वहीत नाही. आम्ही राहतो तो वॉर्ड दुसरा.
भाद्रपदात डेंग्यू झाला, प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या.
तिला कुठली शक्ती द्यावी, मला सुचलंच नाही.
ती जगावी, एवढंच तेव्हा सुचत होतं,
आणि त्याची काही गोष्ट होत नाही.

काल रात्री मी टेबलाशी, ती मेथी निवडत.
मान वर न करता म्हणाली,
"त्या बाईला शेवटी हातमोजे देऊ नकोस.
इतक्या सहज सोडवू नकोस तिला."

घरात ह्या गोष्टीचा मी शब्द काढलेला नाही.
हातमोजे तर अजून लिहिलेही नव्हते.
पुटपुटलो असेन. लिहिताना मी पुटपुटतो,
असं तीच कधीतरी म्हणाली होती.

सकाळी सिलिंडर आला.
तिनं पावती घेतली, सील पाहिलं,
तळहात टेकवला क्षणभर,
जसा कुणीही टेकवील.
मग ओला हात पदराला पुसत
माझ्याकडे आली, कॉलर नीट करायला,
रोज येते तशी.

मी वही उचलायला खाली वाकलो.