टाकी रिकामी

"एक बूँद नहीं, दीदी. बू भी आई तो बाबू लौटा देगा,"
इरशाद म्हणाला, दाभणात सुतळी ओवता ओवता.

मग आप्पांनीच नळी तोंडात धरली,
पेट्रोल ओढलं, थुंकले, खोकले,
आणि पाण्याच्या बाटलीत भरत बसले
पडावच्या पुलाखाली, मफलर कानाला घट्ट.
सोमवारी कंपूच्या पंपावर मीच टाकलेलं, तीनशेचं.
बाटली त्यांनी उजेडासमोर धरली, तिरकी केली, सरळ केली.
चौतीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये
लोकांचे नमुने असेच बघितले त्यांनी.
बाकी कशाकडे इतकं निरखून बघताना
मी त्यांना पाहिलेलं नाही.

आरसे काढून वर्तमानपत्रात, माझ्या सॅकमध्ये.
दिव्यावर पुठ्ठा.
इंडिकेटरना पेंढा, क्लचला चिंध्या,
टाकीला आमच्याच घरची गोधडी, ती कधी आणली कळलंच नाही.
वर गोणपाट, आणि इरशादचे लांब लांब टाके.
शेवटी ब्रश बुडवून त्यानं लिहिलं:
सुनैना भागवत, ग्वालियर से पुणे.
"सुनयना," आप्पा म्हणाले.
"वही तो लिखा है, बाबूजी."

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "क़ीमत?"
मी म्हटलं आठ हजार. जास्त लिहिलं की भाडं चढतं.
आप्पा म्हणाले पंधरा.
हेच आप्पा, गाडी घेतली तेव्हा
तीन आठवडे माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होते.
"सुनयनाला सांग, हेल्मेट पायरीवर ठेवत जाऊ नको."
बाबू पेन धरून ताटकळला.
"घर में तय करके आते न!"
भाजीवाल्याशी घासाघीस करतात तसं आम्ही
बारावर आलो.

गाडी धुक्यात अडकलेली,
दीड तास, मग तीन, मग साडेचार.
आली तेव्हा ब्रेकव्हॅनमध्ये गजकची खोकी छपराला टेकलेली.
कुणीतरी ओरडलं, कुणीतरी "कल, कल" म्हणालं,
शिट्टी झाली.
मी दारातून पाहिलं:
हातगाड्यावर गोणपाटातली ती, तशीच,
तिच्यावर पालथा हात ठेवून आप्पा.
आम्ही सुटलो.
ती सुटली नाही.
किल्ली माझ्या कोटाच्या खिशात.

झाशीच्या अलीकडे फोन लागला.
"उद्याच्या गाडीत चढवतो. मी आहे इथं."
घरी जा आप्पा, थंडी बघा किती आहे.
"नमुना टेबलावर सोडून कधी घरी गेलोय का मी?"
मग रेंज गेली.

चौथ्या दिवशी पुण्यात पावती दाखवून सोडवून घेतली.
डावं फूटरेस्ट वाकलेलं. बाकी सगळं जिथल्या तिथं.
सुतळी कापताना दिसलं,
सुनैनाच्या खाली चिकटपट्टीनं डकवलेला कागद,
ते बारीक, सरळ, रिपोर्टवरचं अक्षर:
नाव. तारीख. वेळ पहाटे ५.१०.
आणि शेऱ्याच्या जागी:
हळू धरा. ही बाजू वर.
(ती बाजू खाली होती.)

पंप दीड किलोमीटरवर.
ढकलत नेली. चढावर दोनदा थांबले,
एका रिक्षावाल्यानं पाय लावू का विचारलं,
नको म्हटलं, का ते माहीत नाही.

रात्री आईचा फोन.
"अगं, ती बाटली यांनी घरी आणलीय.
मागच्या अंगणात, सावलीत ठेवलीय,
वर चिठ्ठी, तुझं नाव, तारीख.
म्हटलं, घर पेटवायचंय का? फेकून द्या.
तर म्हणतात, राहू दे, ती आली की लागेल.
मी म्हटलं, अहो, गाडीच नाही इथं,
लागेल कशाला?"

मागे आप्पांचा आवाज आला.
पण ते फोनवर आले नाहीत.